शिवणीतली माया

हम्सा-अलेका डेगेफूंचा कोट
तेवीस वर्षं मीच आत घेत आलो.
अद्वाच्या विजयदिनाला आठवडा उरला, की
देब्रे बिरहानच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात
दुकानाच्या पायरीवर काठी वाजायची.
"सिराज, कोट परत वाढला बघ."
माणूस आटतो असं ते कधी म्हणाले नाहीत.
कोटच वाढायचा.

मी टेप लावायचो. चाळीस. अडतीस.
एका वर्षी एकदम पस्तीस.
वोर्कनेशबाई गेल्या ते वर्ष.
काही विचारलं नाही. खडूनं रेघ मारली.

हम्सा-अलेका म्हणजे पन्नासांचा म्होरक्या.
टेप छातीवर असेतो ते श्वास रोखून धरत,
मी "सोडा" म्हणेपर्यंत सोडत नसत.
कोरियाचं विचारलं तर बुटांचंच सांगायचे:
काढून झोपायचं नाही,
काढले तर सकाळी पाय आत जात नाहीत.
आणि बर्फाचं.
"आपल्याकडे गारा पडतात. पत्र्यावर वाजतात,
माणूस सावध होतो.
तिथलं वाजतच नाही रे.
उठून बघावं तर पहाऱ्यावरचा तेस्फा पांढरा,
उभाच्या उभा."
एवढंच. मग कॉफीचा दुसरा कप.
टेकडीचा नंबर सांगायचे,
तिच्यावर काय झालं ते नाही.
काँगो, ओगादेन ही नावं तर
गाडी न थांबणाऱ्या स्टेशनांसारखी घ्यायचे.

चांगलंच बोलावं असा रिवाज आहे, पण
थोरला गेताचू त्यांच्याशी बोलत नसे.
घरातही हजेरी घ्यायचे म्हणे,
जेवणाआधी, पोरांना रांगेत उभं करून.
उशिरा येणाऱ्याचं ताट पालथं.

मधली सतरा वर्षं कोट नव्हताच.
जुन्या राजाची पदकं घरात सापडणं
तेव्हा बरं नव्हतं.
एका रात्री ते माझ्या बापाकडे आले,
जाड गाबीखाली काहीतरी दडवून.
दिवा मी धरला होता. अकरा वर्षांचा.
बापानं आमची गादी उसवली,
कापसात कोट पसरला, पदकं खिशातच,
आणि पुन्हा शिवून मला म्हणाला, "झोप."
मी झोपलो.
कुशीवर वळलं की बरगडीला टोचायचं.
कुठली लढाई टोचते
ते ठाऊक नव्हतं.

राजवट पडली तेव्हा गादी उघडली.
ते खिसे चाचपत म्हणाले, "गंज नाही."
पदकांना म्हणाले, की
म्हाताऱ्या झालेल्या माझ्या बापाला,
कळलं नाही.

यंदा गेले. तिमकतच्या दोन दिवस आधी,
निलगिरीच्या पानांवर दहिवर असताना.
इदिरच्या मंडळींनी तंबू ठोकला, शिंग वाजलं,
गेताचू आला, लांब उभा राहिला.
पांढऱ्या कापडात गुंडाळून नेलं त्यांना.
कोट मागे राहिला.

तो घेऊन परवा नातू आला, नाटनाएल.
आजोबांपेक्षा रुंद.
"मला होईल असा कर," म्हणाला.

उसवायला बसलो.
वर माझे टाके. त्याखाली बापाचे,
बारीक, घाई नसलेले.
त्याखाली लष्करातल्या कुणा शिंप्याचे.
एवढ्या वर्षांत कात्री लावली नव्हती.
आमच्या धंद्यात माया ठेवतात शिवणीत,
माणूस पुन्हा भरेल म्हणून.
ती निघाली दोन्ही बगलांखालून,
पट्टीपट्टीनं, आत जावं तशी गडद.
बाहेरचा कोट वाळल्या गवतासारखा विटलेला,
आणि अगदी तळाशी, बोटभर,
जहाजावर चढलेल्या पोराचा हिरवा.
ऊन न लागलेला.

इस्त्रीनं काही फरक पडला नाही.
नाटनाएल आरशापुढे वळून बघत राहिला,
दोन्ही कुशींना हिरव्या धारा.
"हे दिसणार," म्हणाला.
म्हटलं, दिसू दे.

बटणांसाठी पुन्हा एकदा टेप लावला.
पोरानं श्वास रोखून धरला होता.
कुणी शिकवलं त्याला?

मी अजून "सोड" म्हटलं नव्हतं.